नवमीचं दुसरं पान

बाळ छातीशी बांधायच्या त्या पिशवीचे पट्टे बायकोच्या मापाचे होते. जायच्या आदल्या दिवशी तिनं ती पिशवी माझ्या अंगावर चढवली, पट्टे सैल केले आणि म्हणाली, "बकलाचा टक् असा आवाज आल्याशिवाय हात सोडायचा नाही." मी मान डोलावली. मग तिनं पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून रबर लावलं, माझ्या छातीवर झोपलेल्या बाळाच्या टाळूचा वास घेतला आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मीही तिला हाक मारली नाही.

ती बँकेत आहे. बाळंतपणाची रजा संपता संपता बढती आली, आणि बढतीबरोबर बदली: झारखंडातल्या एका लहानशा गावातली शाखा. नाही म्हणावं की हो, यावर आम्ही आठवडाभर बोललो आणि हो म्हणायचं दोघांनी मिळून ठरवलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं मी जे केलं ते वाचताना कुणाला वाटेल की मला न विचारता ती गेली. तसं नव्हतं. मी फौंड्र्यांसाठी, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांसाठी, कास्टिंगची ड्रॉइंगं करतो, घरात बसून, कॉम्प्युटरवर. त्यामुळं पोरं माझ्याजवळ राहायची हे उघडच होतं. थोरली साडेपाच वर्षांची, मधला तीन वर्षांचा आणि बाळ सात महिन्यांचं. माझी आई जाऊन आठ वर्षं झाली. वडील पुण्याला थोरल्या भावाकडे असतात. सासूबाई हातकणंगल्याला, पण त्यांना अंथरुणावरचे सासरे आणि गोठ्यातल्या चार म्हशी सोडून येणं शक्य नव्हतं. सकाळी पोरांकडे बघायला एक ताई यायच्या, दुपारी दोनला जायच्या. त्यानंतर मी आणि माझी पलटण.

आठवडाभर निभायचं. रविवार निभत नसे. त्या दिवशी ताई नसायच्या, शाळा नसायची, आणि कसबा बावड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी अकरापर्यंत सगळी भांडणं भांडून संपलेली असायची. मग मी पिशवी चढवायचा, बाळ आत घालायचा, टक् आवाज ऐकायचा, एका हाताला थोरली, दुसऱ्या हाताला मधला, पाठीवर दुपटी आणि बाटल्यांची सॅक, अशी आमची वरात बसनं टाऊन हॉलच्या बागेत जायची. तीन पोरं सांभाळताना एखादं हरवायचंच, अशी माझी खात्री होती. म्हणून थोरलीकडून मी घोकून घेतलं होतं: स्वतःचं पूर्ण नाव, बाबांचं नाव, आईचं नाव, इमारतीचं नाव, मुक्काम कसबा बावडा. कुणी विचारलं की छाती काढून म्हणायचं. ती रोज आंघोळीच्या वेळी शुभंकरोतीच्या चालीवर ते म्हणायची.

एकटेपणाबद्दल मी आधी काही वेगळंच समजत होतो. एकटा माणूस म्हणजे रिकामी खोली, असं काहीतरी. इथं तर माझ्या अंगावर सतत कुणीतरी होतं. बाळाचं डोकं बरोबर माझ्या हनुवटीखाली यायचं, त्याचा श्वास शर्टाच्या दोन बटणांमधून आत लागायचा. दोन्ही हातांना पोरं लटकलेली. दिवसभर मी बोलत असे. चप्पल घाल, थुंकू नको, त्याला ओढू नको, शी आली का. पण माझ्याशी कुणी बोलत नसे. कधी कधी बागेतल्या बाकावर बसून मी बाळाच्या टाळूला फौंड्रीच्या ड्रॉइंगमधल्या चुका समजावून सांगायचा. ते ऐकायचं. दुसरं कोण ऐकणार?

तसं कोल्हापुरात माणसाला कुणी गप्प बसू देत नाही. छातीवर पिशवी बांधलेला बाप्या दिसला की लोक लांबनं हाका मारायचे. "काय पावणं, कांगारू झालाय व्हय!" एक रिक्षावाला दर वेळी म्हणायचा, "जमतंय की!" आणि खदाखदा हसायचा. त्याचं मला काही वाटत नसे. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असायचा: "बायकू कुटं हाय?"

सुरुवातीला मी खरं सांगायचा. बँकेत आहे, बदली झालीय, झारखंडात. मग समोरच्या बाईचा चेहरा बदलायचा. "अगं बया! तान्हं पोर टाकून?" टाकून, हाच शब्द. "काळीज हाय का काय म्हणायचं?" "आन् तुमी जाऊ दिलासा?" मी समजावून सांगायचा. बढती नाकारली की पुढं कशी अडते, दोन वर्षांचाच प्रश्न आहे, दिवाळीला येणार आहे. ऐकणारी मान हलवायची आणि शेवटी म्हणायची, "व्हय, पण आई ती आईच की." बसस्टॉपवर, दवाखान्यात, किराणा दुकानात, मी बायकोचं वकीलपत्र घेऊन उभा. आणि खरं सांगायचं तर दोन महिन्यांनी वकिलालाच आपल्या अशिलाचा राग यायला लागला होता. पहाटे चारला बाळ उठलं की मी मनातल्या मनात तिला म्हणायचा, झोप तू, झोप निवांत. तीही तिकडे जागीच असायची, हे मला ठाऊक असून.

बागेच्या दाराशी एक मावशी उकडलेल्या शेंगा विकायला बसायची. साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, समोर मोठं पातेलं आणि त्यावर ओलं फडकं. ऑगस्टच्या एका रविवारी आम्ही तिथं थांबलो. बाळ झोपलं होतं, मधला शेंगांसाठी भोकाड पसरून बसला होता, आणि माझे खांदे असे भरून आले होते की पैसे काढायला हात वर होईना. तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, दोन्ही पोरांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "पोरांची आई वारली व्हय, बाबा?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मला पुढचं सगळं दिसलं: बया, टाकून, काळीज. आणि मी मान खाली घातली. बाळाच्या टोपीची दोरी नीट केल्यासारखं केलं. ती समजायचं ते समजली.

तिनं पदरानं पाट पुसला. "बस जरा हितं," म्हणाली. मला बसवलं, बकल कसं सुटतं ते विचारून घेतलं आणि बाळाला अलगद उचलून खांद्यावर टाकलं. मधल्याला शेंगा सोलून दिल्या. पैसे घेतले नाहीत. पंधरा मिनिटं माझ्या अंगावर कुणी नव्हतं. मला रडूच यायला लागलं. तिला वाटलं बायकोच्या आठवणीनं, आणि ते तरी कुठं खोटं होतं?

त्यानंतर दर रविवारी आम्ही मावशीकडे जाऊ लागलो. बाग हे निमित्त. मी पाटावर बसायचा, बाळ तिच्या मांडीवर, पोरं तिच्या मागं मातीत. तिला मी सगळं सांगायचा: कुठल्या फौंड्रीचं काम अडलंय, मधल्याला खोकला झालाय, वरणाला चव का येत नाही. ती वरणाचं लगेच सांगायची. बायकोबद्दल तिनं एकदाही वाकडा शब्द काढला नाही. मेलेल्या बाईला कोण नावं ठेवतंय? उलट म्हणायची, "गुणाची असणार. पोरांच्या तोंडावरनंच कळतंय." गावात एक तरी माणूस असा भेटला होता जो माझ्या बायकोला चांगली म्हणत होता. त्यासाठी मी तिला मारून बसलो होतो, एवढं सोडलं तर सगळं छान चाललं होतं.

मावशीनं आपलंही सांगितलं. तिची सून बाळंतपणात गेली, तीन वर्षांपूर्वी. नातू सुनेच्या माहेरचे घेऊन गेले. मुलगा कामासाठी बाहेर असतो, तोही फारसा फिरकत नाही. "माज्या मांडीवर इतक्या दिसात पोर न्हवतं बघ," ती म्हणाली, आणि बाळाच्या तळपायाला तोंड लावलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी शेंगा सोलत बसलो.

सप्टेंबरात पितृपंधरवडा लागला. त्या रविवारी मावशी म्हणाली, "बिस्तरवारी नवमी हाय. सुनंचं पान वाढतो मी दरसाली. औंदा तिच्याशेजारी तुज्या बायकूचं बी वाढतो."

गुरुवारची ही अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेल्या बायकांची तिथी. त्यांच्या नावानं पान वाढायचं, एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरायची. मी म्हणालो, "नको मावशी, कशाला तुम्हाला त्रास."

"तरास कसला त्यात? तू बाप्या माणूस, तीन पोरं घिऊन काय करणार हाईस? नाव तेवढं सांग. पान वाढताना नाव घ्याला लागतंय."

मी खाली बघत राहिलो. मावशीला वाटलं, मला बोलवत नाही. तिनं थोरलीकडे वळून विचारलं, "बाळा, तुज्या आईचं नाव काय गं?"

थोरली उभी राहिली. मातीचे हात फ्रॉकला पुसले, छाती काढली, आणि आईचं पूर्ण नाव तिनं खणखणीत सांगितलं, शुभंकरोतीच्या चालीवर. शिकवलं होतं तस्संच. पुढचं मुक्काम कसबा बावडासुद्धा. मावशीनं ते नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं. मी तिथंच होतो. माझं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी सातला बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या दिवशी थोरली फोनच्या अगदी जवळ गेली, पडद्यावर नाक टेकवून तिनं विचारलं, "आई, शेंगावाली आजी म्हणाली तू वारलीस. वारलीस म्हणजे देवाघरी ना? तिथनं फोन लागतो?"

बायको आधी हसली. "कोण म्हणालं?"

"आजी. बाबा पण तिला 'नाही' म्हणाले नाहीत. आणि ती तुला जेवायला वाढणार आहे, पण तू येणार नाहीस. कावळा येणार."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. फोनमध्ये माणूस नेमका कुठं बघतो ते कळत नाही, पण तेव्हा कळलं. ती थोरलीला म्हणाली, "मी बँकेत आहे बाळा. जेवून घे." आणि फोन ठेवला.

सोमवारी कॉल आला नाही. तीन शब्दांचा मेसेज आला: बाळाचा ताप बघ. बाळाला ताप नव्हता. मंगळवारी, बुधवारीही नाही. मी लिहायला बसायचा आणि पुसायचा. थोरली सातला फोन हातात घेऊन बसायची. बुधवारी तिनं तो माझ्याकडे परत दिला आणि समजूतदारपणे म्हणाली, "नाही लागत, बाबा." साडेपाच वर्षांच्या पोरीनं आपल्या आईला मनातल्या मनात पोचवलं होतं, माझ्या आळसानं. त्याला दुसरं नाव नाही. एक 'नाही' म्हणायचा आळस.

गुरुवारी मी थोरलीला शाळेत पाठवलंच नाही. पिशवी बांधली, दोघांना हाताला धरलं. बागेच्या दाराशी कणसं भाजणाऱ्याला मावशीचं घर विचारलं. गंगावेशीच्या अंगाला एका बोळात, पायऱ्या चढून वर. पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि खिरीचा वास येत होता.

भिंतीवर सुनेचा फोटो, हार घातलेला. खाली दोन केळीची पानं. वडे, खीर, गवारीची भाजी, भात, आमसुलाची चटणी, सगळं वाढून झालेलं. एक पान फोटोच्या पुढं. दुसऱ्या पानापुढं फोटो नव्हता, नुसती सुपारी ठेवली होती. पलीकडे शेजारची एक सवाष्ण जेवायला बसायच्या तयारीत.

मावशी म्हणाली, "आलास व्हय! बरं केलंस. आताच नाव घेणार हुतो."

"घेऊ नका," मी म्हणालो. दारातच उभा होतो. "ती जिवंत आहे, मावशी. बँकेत आहे. बदलीच्या गावाला."

मावशीच्या हातातली पळी तशीच राहिली. शेजारीण भिंतीला टेकली. मग मावशीनं पळी खाली ठेवली आणि माझ्या अंगावर आली. "मुडद्या! जित्या बायकूला मारलास व्हय रं? आन् ही पोरं दारात हुबी करून? जिभंला हाड न्हाय ते न्हाय, पर काळीज बी न्हाय?" बाळ दचकून रडायला लागलं. मी ऐकून घेतलं. तीन महिने जे बायकोच्या वाट्याचं म्हणून ऐकलं होतं, त्यातलं काळीज अखेर ज्याचं त्याला मिळालं.

ओरडून झाल्यावर तिनं थोरलीकडे पाहिलं. पोर माझ्या पायामागं गेली होती. मावशी एकदम मऊ झाली. खाली बसली. "ये हिकडं. तुजी आई चांगली हाय. आजी खुळी हाय, काय बी बोललो मी."

ते मात्र मला सोसलं नाही. मी पिशवीसकट गुडघ्यावर बसलो. "आजी नाही खुळी," मी थोरलीला म्हणालो. "बाबा खोटं वागला. आई आहे. आजीनं विचारलं तेव्हा बाबानं सांगायला पाहिजे होतं, आणि बाबा गप्प बसला." थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "का?"

आता प्रश्न पानाचा. मावशी म्हणाली, "वाढल्यालं पान उचलत न्हाईत. आन् बिननावाचं बी ठेवत न्हाईत. तुज्या घरात कोण सवाष्णपणी गेल्यालं हाय का?"

"आई," मी म्हणालो. वडील आहेत, आई गेली. तिची नवमी पुण्याला भाऊ करतो, म्हणजे करत असणार. आठ वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. मावशीनं पळी माझ्या हातात दिली. मी त्या पानावर खीर वाढली आणि आईचं नाव घेतलं. पिशवीमुळं वाकता येईना. बाळाच्या डोक्यावरून, अंदाजानंच वाढली.

सवाष्ण जेवून उठल्यावर मावशी म्हणाली, "आता लाव फोन तिला. मला बघू दे." मी म्हणालो, ती उचलत नाही. "माजं नाव सांगून लाव." मी मेसेज केला: शेंगावाल्या मावशीला तुला बघायचंय. दोन मिनिटांत तिचाच कॉल आला. बँकेतली खुर्ची, मागं कपाटं, गळ्यात ओळखपत्र. तिचे डोळे सुजलेले होते. थोरली फोनवर झेपावली आणि पडद्यावर नाक टेकवून बघत राहिली.

मावशीनं फोन स्वतःच्या हातात घेतला. "पोरी, तुजं आयुष्य वाढलं बघ," ती मोठ्यानं म्हणाली. मेल्याची आवई उठली की तसं म्हणतात. "ह्याला मी लई बोललोय. तू आनि बोलू नगंस. पर मला एक सांग. तितं लोक इचारत असतील की, पोरं कुणाकडं हायत. काय सांगतीस?"

ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत बायको म्हणाली, "सासूबाईंकडे आहेत म्हणते."

"नवऱ्याकडे म्हटलं की लोक थांबत नाहीत," ती म्हणाली, आता माझ्याकडे बघून. "अंघोळी कोण घालतं, रात्री कोण उठतं, त्याला जमतं का. सासू म्हटलं की संपतं. मग विचारतात सासूबाई कशा आहेत. मी म्हणते, बऱ्या आहेत. गुडघे दुखतात."

मावशीनं फोन वळवला आणि दुसरं पान तिला दाखवलं. "मग झालं की. हे बघ, तुज्या सासूचंच पान हाय. तीन म्हैने पोरं सांभाळून दमली आसंल. जेवू दे तिला."

बायकोनं ओळखपत्र तोंडाशी धरलं. मीही खाली बघितलं. हजार मैलांवर एकीनं माझी आई उठवून बसवली होती आणि इथं मी बायकोलाच निजवलं होतं, आणि दोघांनीही एकमेकांना त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. रोज सातला बोलत होतो आम्ही. ताप, शाळा, दूध.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. मधला माझ्या पायाला धरून उभा, थोरली दांडीला. बाळ झोपलं होतं आणि त्याची लाळ माझ्या शर्टात उतरत होती. सीटवरच्या एका बाईनं मधल्याला मांडीवर घेतलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. "आई कुटं हाय पोरांची?"

थोरलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"झारखंडात," मी म्हणालो. "बँकेत साहेब आहे."

"अगं बया," बाई म्हणाली. "मग पोरं कुणाकडं असत्यात?"

"माझ्याकडं."